न्यूकोमेनचं इंजिन इतका कोळसा खायचं, तरी टिकलं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: १७१२ मधलं न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम एक टक्का कामी आणत होतं, मग लोकांनी ते साठ-सत्तर वर्षं का चालवलं? जेम्स वॉटने इंजिन शोधलं, आणि किटलीचं झाकण वाफेने हलताना बघून त्याला ते सुचलं, ही गोष्ट कितपत खरी? आणि ही इंजिनं मुंबईत कधी आली?

माझी नोकरी साखर कारखान्यात बॉयलर, टर्बाइन आणि पॅन हाऊसवर, म्हणजे रस आटवून साखर करतात त्या विभागात, झाली. त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकात जे एका वाक्यात उरकतात त्यातलं बरंच मला रोज हाताळावं लागलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. ते इंजिन जिथे उभं होतं तिथे कोळसा जवळपास फुकट होता. पण एवढ्यावर सोडलं तर वॉटचं महत्त्वही कळत नाही आणि न्यूकोमेनचं तर मुळीच नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी कामाची जागा बघू. सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या कोळशाच्या आणि कथलाच्या खाणी खोल जात चालल्या होत्या. जितकं खोल जावं तितकं पाणी. वरच्या थरातला माल संपलेला, खालचा पाण्यात बुडालेला. पाणी उपसायला घोड्यांचे रहाट होते, जवळ ओढा असेल तर पाणचक्की होती. घोडे चारा खातात, थकतात, पाळ्यांनी बदलावे लागतात. खाण मात्र रात्रंदिवस पाझरत असते. आपल्या विहिरीवरच्या मोटेला जी मर्यादा होती तीच त्या रहाटाला होती, फक्त खोली कितीतरी पट.

यावर पहिला धंदेवाईक प्रयत्न थॉमस सेव्हरीने केला. त्याचं पेटंट १६९८ चं. त्याच्या यंत्रात दट्ट्या (पिस्टन) नव्हताच. एका भांड्यात वाफ भरायची, बाहेरून गार पाणी ओतून ती थिजवायची, भांड्यात पोकळी झाली की खालचं पाणी वर चढतं, आणि मग पुन्हा वाफ सोडून तेच पाणी आणखी वर ढकलायचं. ओढण्याच्या बाजूने हवेचा दाब फार तर दहा मीटर पाणी चढवणार, प्रत्यक्षात सात-आठ. त्याच्या वर ढकलायचं तर वाफेला खरा दाब हवा, आणि त्या काळचे डाग दिलेले (सोल्डर केलेले) सांधे तो दाब सोसत नव्हते. खोल खाणीसाठी यंत्र निकामी ठरलं. पण पेटंटचे शब्द इतके ऐसपैस होते, आणि पार्लमेंटच्या कायद्याने त्याची मुदत १७३३ पर्यंत इतकी लांबली होती, की पुढे न्यूकोमेनला आपलं पूर्ण वेगळं इंजिन सेव्हरीच्या पेटंटखालीच विकावं लागलं. पेटंटचं राजकारण इंजिनाइतकंच जुनं आहे.

थॉमस न्यूकोमेन हा डेव्हनमधल्या डार्टमथ गावचा लोखंडी सामानाचा व्यापारी. सोबती जॉन कॅली, हाताचा कारागीर. दोघांपैकी कोणी विद्यापीठाची पायरी चढलेला नव्हता. त्याआधी १६९० मध्ये डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने छोट्या नळकांड्यात दट्ट्या बसवून, वाफ थिजवून तो खाली ओढला जातो हे दाखवलं होतं. पण प्रयोगाच्या टेबलावरचं नळकांडं आणि खाणीच्या तोंडावर दिवसरात्र चालणारं यंत्र यांत फार मोठं अंतर आहे. ते अंतर या दोघांनी कापलं. १७१२ मध्ये इंग्लंडच्या मध्य भागात, डडली किल्ल्याजवळच्या कोळसा खाणीवर त्यांचं इंजिन उभं राहिलं.

त्या इंजिनाचे आकडे टिकून आहेत, कारण १७१९ मध्ये त्याचं तपशीलवार चित्र छापलं गेलं. सिलिंडरचा व्यास २१ इंच, लांबी ७ फूट १० इंच. मिनिटाला १२ ठोके. दर ठोक्याला १० गॅलन पाणी ५१ यार्डांवरून, म्हणजे साधारण ४७ मीटरवरून वर. हिशेब केला तर साडेपाच अश्वशक्ती निघते. आज शेतातल्या बोअरवर याच ताकदीची मोटर सर्रास असते. तेव्हा त्यासाठी तीन मजली इमारत बांधावी लागली.

आता एक ठोका सावकाश बघू. खाली गवताच्या गंजीच्या आकाराचा बॉयलर, त्याच्याच डोक्यावर उभा सिलिंडर, वरून उघडा. त्याच्याही वर इमारतीच्या भिंतीवर टेकलेली लाकडी तुळई, तराजूच्या दांडीसारखी डोलणारी. तिच्या एका टोकाला साखळीने दट्ट्या, दुसऱ्या टोकाला खाणीत उतरलेले पंपाचे दांडे. हे दांडे जड असतात, त्यामुळे आपोआप ते टोक खाली जातं आणि दट्ट्या वर येतो. वाफ दट्ट्याला ढकलत नाही, दट्ट्याच्या खाली होणारी जागा ती फक्त भरून काढते. बॉयलरमधला दाब हवेच्या दाबापेक्षा पौंड-दोन पौंडच जास्त. दट्ट्या वर पोचला की वाफेची चावी बंद, आणि गार पाण्याची चावी उघडून सिलिंडरच्या पोटात फवारा. वाफ क्षणात थिजते. उकळत्या पाण्याची वाफ मूळ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा व्यापते, ती एकदम कोसळली की आत पोकळी. वर मोकळी हवा आहेच, ती दट्ट्याला खाली दाबते आणि तुळईचं दुसरं टोक पाणी घेऊन वर येतं. काम करते ती हवा, वाफ नव्हे.

ज्याने साखर कारखान्यातला व्हॅक्यूम पॅन बघितला आहे त्याला यात नवीन काही वाटणार नाही. पॅनमध्ये रस ६५-७० अंशांवर उकळतो तो वर बसवलेल्या कंडेन्सरमुळे, म्हणजे वाफ थिजवणाऱ्या भांड्यामुळे. तिथे आजही गार पाण्याचे फवारे थेट वाफेत मारतात आणि खालची नळी दहा मीटरपेक्षा उंच ठेवतात, म्हणजे पाणी आपोआप उतरतं आणि हवा मागे येत नाही. आम्ही त्या पाण्याला इंजेक्शन वॉटर म्हणतो. मार्चअखेर स्प्रे पाँडचं, म्हणजे हे पाणी गार करायच्या तळ्याचं, पाणी तापलं की व्हॅक्यूम पडायला लागतो आणि पॅनमन आरडाओरडा करतो. न्यूकोमेनच्या इंजिनवाल्याचीही हीच तक्रार असणार.

दुसरी तक्रार हवेची. पाण्यात हवा विरघळलेली असते. बॉयलरमध्ये ती वाफेबरोबर निघते, फवाऱ्याच्या पाण्यातूनही सुटते. वाफ थिजते, हवा थिजत नाही. ती दर ठोक्याला थोडी थोडी साठत जाते आणि काही मिनिटांत इंजिन दम तोडतं. आमच्याकडे ही हवा ओढून काढायला व्हॅक्यूम पंप किंवा इजेक्टर असतो. न्यूकोमेनने एक छोटा एकमार्गी वॉल्व्ह ठेवला. नवी वाफ सिलिंडरमध्ये शिरताना आधीची हवा त्यातून फुसकन बाहेर पडे. पुस्तकात या वॉल्व्हबद्दल दोन ओळीही नसतात. माझ्या मते न्यूकोमेन हा खरा इंजिनिअर होता याचा सगळ्यात मोठा पुरावा हा वॉल्व्हच. कल्पना सुचणाऱ्याला हवेचा त्रास सुचत नाही. तो यंत्र सलग चालवून बघणाऱ्यालाच होतो.

फवारा आत मारायची कल्पना मात्र अपघाताने सापडली असं मार्टेन ट्रिवाल्ड नावाच्या स्वीडिश अभियंत्याने लिहून ठेवलं आहे. हा माणूस न्यूकॅसलच्या बाजूला, उत्तर इंग्लंडमधल्या कोळशाच्या मुलखात, या इंजिनांवर काम करून गेला होता. आधी सिलिंडरला बाहेरून गार पाण्याचं आवरण असे, त्यामुळे वाफ हळूहळू थिजे. सिलिंडरच्या ओतकामात एक भोक होतं, ते डाग देऊन बुजवलेलं. डाग वितळला, आवरणातलं पाणी आत घुसलं, आणि दट्ट्या इतक्या जोरात खाली आला की साखळी तुटली आणि बॉयलरचं झाकण फुटलं. गोष्ट शंभर टक्के अशीच घडली का, देव जाणे, पण मोडतोडीचं वर्णन अगदी पटण्यासारखं आहे.

पोराची गोष्ट मात्र मला पटत नाही. हम्फ्री पॉटर नावाच्या पोराला चाव्या उघडबंद करायला ठेवलं होतं, त्याला खेळायला जायचं होतं म्हणून त्याने चाव्यांना दोऱ्या बांधून तुळईला जोडल्या आणि इंजिन स्वयंचलित झालं, अशी ही कथा. मिनिटाला बारा ठोके म्हणजे पाच सेकंदांत दोन चाव्या उघडायच्या आणि बंद करायच्या, तेही अचूक क्षणी, दिवसरात्र. कोणी पोर तर सोडाच, पैलवानही एवढं करणार नाही. १७१९ च्या चित्रात तुळईला टांगलेला दांडा आणि त्याने हलणारे खटके स्वच्छ दिसतात. पुढे हेन्री बायटनने ती रचना आणखी नेटकी केली. बॉयलरवर पाण्याची पातळी बघायला वेगवेगळ्या उंचीच्या दोन नळ्या होत्या: एकीतून वाफ आणि दुसरीतून पाणी आलं की पातळी बरोबर. पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीचा (गेज ग्लासचा) संशय आला की आजही बॉयलरवरचा फायरमन टेस्ट कॉक, म्हणजे तपासणीच्या चाव्या, उघडून हेच करतो.

आता कोळशाकडे येऊ. हे इंजिन इतकं उधळं का? दर ठोक्याला सिलिंडर आधी वाफेने तापतो आणि लगेच गार पाण्याने थंड होतो. पुढच्या ठोक्याची निम्म्याहून जास्त वाफ तो लोखंडाचा गोळा परत तापवण्यात जाते. प्रत्येक भाकरीनंतर तवा पाण्याखाली धरून गार करायचा आणि परत चुलीवर ठेवायचा, असा तो प्रकार.

यातून एक पेच तयार होतो आणि तो इंजिनवाल्यांना नीट माहीत होता. जास्त फवारा मारला तर पोकळी चांगली होते, पण सिलिंडर जास्त गार होतो आणि पुढच्या वेळी वाफ जास्त लागते. कमी फवारा मारला तर आतलं पाणी ७५-८० अंशांवर राहतं, आणि त्या तापमानाला पाण्याची स्वतःचीच वाफ हवेच्या दाबाच्या चाळीस-पंचेचाळीस टक्के दाब धरून असते. म्हणजे पोकळी निम्मीच. डडलीच्या सिलिंडरवर पूर्ण पोकळीत सुमारे २३०० किलोचा भार पडला असता. ठोक्यामागे उचललेल्या पाण्यावरून उलटा हिशेब केला तर प्रत्यक्षात त्याच्या निम्माच वापरलेला दिसतो. हा अडाणीपणा नाही, अनुभवाने काढलेला मध्य आहे. इंजिनवाला फवाऱ्याची चावी कमीजास्त करून तो मध्य शोधत असे.

कोळसा खाणीतून जो माल निघतो त्यातला मोठा दगडी कोळसा विकला जातो. चुरा आणि खडकमिश्रित माल उरतो. त्या काळी तो लांब नेऊन विकणं परवडत नसे, खाणीच्या तोंडाशी त्याचे ढीग लागत. न्यूकोमेनचं इंजिन याच ढिगावर चाले. जे इंधन कोणी घेत नाही त्याची एक टक्का कार्यक्षमता आणि तीन टक्के कार्यक्षमता यांत मालकाला काय फरक? त्याला खाण कोरडी हवी होती.

हे समजायला इंग्लंडलाही जायला नको. आपल्या सहकारी साखर कारखान्यांत अनेक वर्षं २१ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाचे बॉयलर होते. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, भरपूर, विकायची सोय नाही, उरला की पडून राहून आग लागायची भीती. मग बॉयलर फार कार्यक्षम असून उपयोग काय? उलट बगॅस संपवणारा बॉयलर बरा. पुढे को-जनरेशन (कारखान्याच्याच वाफेवर जादा वीज करणं) आलं, ग्रिडला वीज विकता यायला लागली, बगॅसला भाव आला, आणि तेच कारखाने ६७, ८७, ११० किलो दाबाचे बॉयलर बसवायला लागले. जास्त दाबाचे बॉयलर जगात आधीपासून होतेच. इंधनाला किंमत आली तेव्हा ते आपल्याकडे आले.

इंग्लंडमध्ये हेच कॉर्नवॉलमुळे घडलं. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या या कॉर्नवॉलमध्ये कथील आणि तांबं आहे, कोळसा नाही. तो वेल्समधून जहाजाने यायचा, त्यावर समुद्रमार्गे नेण्याचा कर, मग खेचरांच्या पाठीवरून खाणीपर्यंत. तिथल्या खाणमालकांनी रडगाणं गाऊन १७४१ मध्ये पाणी उपसण्याच्या इंजिनांसाठीच्या कोळशावरचा कर परत मिळवायची सोय करून घेतली. तरीही कोळशाचं बिल हीच त्यांची खरी डोकेदुखी. न्यूकॅसलच्या मालकाला जे इंजिन चांगलं वाटत होतं तेच कॉर्नवॉलच्या मालकाला खड्ड्यात घालत होतं.

वॉटच्या आधी या इंजिनाला नीट मोजलं ते जॉन स्मीटनने. मला हा माणूस फार आवडतो. इंजिनाचं नवं तत्त्व त्याने शोधलं नाही, आधी नीट मोजलं. न्यूकॅसल भागातली पंधरा इंजिनं तपासून त्याने एका बुशेल कोळशात, म्हणजे ८४ पौंडांत, किती पाणी किती फूट चढतं याचे आकडे काढले. सरासरी आली ५५.९ लाख फूट-पौंड (एक पौंड वजन एक फूट उचललं की एक फूट-पौंड). सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगल्या इंजिनात दुपटीहून जास्त फरक, म्हणजे यंत्र तेच, बांधणारा आणि चालवणारा वेगळा. मग त्याने प्रमाणं सुधारली, सांधे घट्ट केले, भट्टीची मांडणी बदलली आणि १७७२ मध्ये लाँगबेंटनच्या इंजिनावर साडेचौऱ्याण्णव लाख गाठले. टक्केवारीत सांगायचं तर अर्ध्या-पाऊण टक्क्यावरून एक टक्क्याच्या जरा वर. मूळ तत्त्वाला हात न लावता केवळ चोख कामाने एवढं मिळालं. देखभाल खात्यातल्या कुणालाही याचं आश्चर्य वाटणार नाही.

आता वॉट. किटलीची गोष्ट मुलांना सांगायला ठीक आहे. वाफेला जोर असतो हे वॉटच्या जन्माआधीपासून सगळ्यांना ठाऊक होतं, आणि न्यूकोमेनची इंजिनं तेव्हा ठिकठिकाणी चालत होती. १७२२ मध्ये आजच्या स्लोव्हाकियातल्या खाणीवर एक उभं राहिलं होतं, मग ट्रिवाल्डने स्वीडनमध्ये बांधलं. वॉट हा ग्लासगो विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करणारा कारागीर. १७६३-६४ च्या हिवाळ्यात त्याच्याकडे न्यूकोमेन इंजिनाची शिकवण्यासाठी बनवलेली लहान प्रतिकृती दुरुस्तीला आली. सिलिंडर फक्त दोन इंच व्यासाचा. दुरुस्त झाली, पण काही ठोक्यांतच बॉयलरची वाफ संपायची.

कारण आकारात होतं. सिलिंडर लहान केला की आतली जागा झपाट्याने घटते, पण भिंतीचं क्षेत्रफळ तितकं घटत नाही. मोठ्या इंजिनात भिंत तापवण्यात होणारी नासाडी चुऱ्याच्या ढिगात लपून जायची, लहान प्रतिकृतीत ती उघडी पडली. वॉटने मोजमाप केलं. आणखी एक गोष्ट त्याला चक्रावून गेली: थोडीशी वाफ गार पाण्यात सोडली तर ती आपल्या वजनाच्या जवळजवळ सहापट पाणी उकळीला आणते. याचं स्पष्टीकरण, म्हणजे सुप्त उष्मा (वाफ थिजताना सोडते ती उष्णता), त्याच विद्यापीठातल्या जोसेफ ब्लॅककडून त्याला मिळालं. मग १७६५ च्या वसंतात ग्लासगो ग्रीनवर फिरताना त्याला उत्तर सुचलं: वाफ सिलिंडरमध्ये थिजवायचीच नाही. बाजूला वेगळं गार भांडं ठेवायचं, वाफ तिकडे धावेल आणि तिथे थिजेल. सिलिंडर कायम गरम, कंडेन्सर कायम गार. पेटंट मिळालं ५ जानेवारी १७६९ ला.

सुचलं १७६५ मध्ये आणि विकण्याजोगं इंजिन चालू झालं १७७६ मध्ये. मधली अकरा वर्षं कुठे गेली? काही पैशात गेली. पहिला भागीदार जॉन रोबक दिवाळखोर झाला, मग बर्मिंगहॅमचा मॅथ्यू बोल्टन आला. पण मुख्य अडचण सिलिंडरची होती. न्यूकोमेनच्या उघड्या सिलिंडरमध्ये दट्ट्यावर चामड्याची चकती आणि तिच्यावर चक्क पाण्याचा थर असायचा. सिलिंडर जरा वाकडातिकडा असला तरी पाणी फटी बुजवी, थोडं गळलं तर बिघडत नसे. त्याचे पहिले सिलिंडर पितळेचे, हाताने घासून गुळगुळीत केलेले. पुढे कोलब्रुकडेलच्या ओतशाळेतून स्वस्त बिडाचे यायला लागले.

वॉटला ही पाण्याची युक्ती वापरता येईना. सिलिंडर गरम ठेवायचा तर वर पाणी आणि गार हवा चालणार नाही. त्याने सिलिंडरचं तोंड बंद केलं, दांडा ग्लँडमधून (वाफ गळू न देणाऱ्या घट्ट भोकातून) बाहेर काढला आणि दट्ट्याच्या वरही वाफ सोडली. आता फट राहिली की वाफ वरून सरळ कंडेन्सरमध्ये पळणार. म्हणजे सिलिंडर सरळ आणि गोल हवा, आणि तसा कापणारं यंत्र तोवर नव्हतं. जुन्या पद्धतीत कापणारं डोकं लांब दांड्याच्या मोकळ्या टोकावर असायचं, ते ओतकामाच्या वाकडेपणामागे वाहवत जायचं. १७७४ मध्ये जॉन विल्किन्सनने तोफा कोरायचं नवं यंत्र केलं आणि लगेचच सिलिंडरसाठी दोन्ही टोकांना आधार दिलेला दांडा आणला. मग पन्नास इंची सिलिंडरही जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीइतक्या चुकीत बसायला लागला. आजच्या मशीन शॉपमध्ये कोणी एवढी सूट मागितली तर हाकलून देतील. १७७६ मध्ये जी पहिली दोन इंजिनं चालू झाली त्यातलं एक विल्किन्सनच्याच भट्टीला हवा पुरवायला होतं. विल्किन्सन नसता तर वॉटचं पेटंट कागदावरच संपलं असतं, असं माझं मत आहे.

धंद्याची रीतही बघण्यासारखी होती. बोल्टन आणि वॉट बराच काळ इंजिन तयार करून विकत नव्हते. आराखडे द्यायचे, काही नेमके भाग पुरवायचे, उभारणीला माणूस द्यायचा, बाकी खर्च गिऱ्हाइकाचा. आणि मोबदला काय, तर जुन्या पद्धतीच्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा. आता सांगा, चुऱ्यावर इंजिन चालवणारा कोळसा खाणमालक हे का घेईल? वाचलेल्या चुऱ्याची किंमतच नाही. म्हणून गिऱ्हाईक मिळालं ते कॉर्नवॉलमध्ये. काही वर्षांतच तिथली जुनी इंजिनं एकामागून एक बदलली गेली आणि कोळशाच्या खाणींवर मात्र न्यूकोमेनचीच चालू राहिली, इतकंच नाही तर नवी बांधलीही गेली. यॉर्कशरमधल्या एल्सेकारला १७९५ मध्ये, वॉटचं इंजिन बाजारात येऊन जवळजवळ वीस वर्षं झाल्यावर, एक न्यूकोमेन पद्धतीचं इंजिन उभं राहिलं आणि ते १९२३ पर्यंत पाणी उपसत होतं. ते आजही मूळ जागी आहे.

बचत मोजायची कशी, यावरून भांडणं ठरलेलीच. वॉटने तुळईवर ठोके मोजणारा काउंटर बसवला, पेटीत कुलूपबंद, किल्ली कंपनीकडे. खाणमालकांना तो डोळ्यांत खुपायचा. तांब्याचे भाव पडले की हप्ता जड व्हायचा, मग पैसे थकवणं, दुसऱ्या इंजिनवाल्यांना हाताशी धरणं, कोर्टकचेऱ्या. हॉर्नब्लोअर या प्रतिस्पर्धी इंजिनवाल्याशी चाललेला खटला १७९९ मध्ये वॉटच्या बाजूने लागला आणि थकलेले पैसे वसूल झाले. पुढच्याच वर्षी, १८०० मध्ये, पेटंट संपलं.

या पेटंटने प्रगती अडली का यावर अजून वाद चालतो. माझा कल थोडा खाणमालकांकडे आहे. वॉटला जास्त दाबाची वाफ धोक्याची वाटे, आणि तेव्हाचे बॉयलर बघता त्याची भीती खोटी नव्हती. पण पेटंट संपताच कॉर्नवॉलचाच रिचर्ड ट्रेव्हिथिक दाबाची वाफ घेऊन पुढे आला. कंडेन्सरच काढून टाकला, इंजिन लहान झालं, चाकांवर चढलं. २१ फेब्रुवारी १८०४ ला वेल्समध्ये त्याच्या गाडीने दहा टन लोखंड आणि सत्तरेक माणसं रुळांवरून ओढली. त्याच्या आदल्या वर्षी लंडनजवळ ग्रिनिचला त्याचा एक बॉयलर फुटून माणसं मेली होती. ट्रेव्हिथिकने त्यानंतर बॉयलरला शिशाची बुचं बसवली, पाणी कमी झालं की ती वितळून वाफ आगीवर सुटते. आपल्या बॉयलरमध्ये जो फ्युजिबल प्लग असतो तो तिथून आला.

कॉर्नवॉलमध्ये १८११ पासून इंजिनांची कामगिरी दर महिन्याला छापून येऊ लागली. कोणाच्या इंजिनाने बुशेलमागे किती पाणी चढवलं हे शेजारच्या खाणीलाही कळू लागलं, आणि इंजिनिअरांत चुरस लागली. १८३५ मध्ये एका चाचणीत साडेबारा कोटी फूट-पौंडांची नोंद झाली, ९४ पौंडांच्या बुशेलवर. स्मीटनच्या सरासरीशी ताडून बघा: जवळजवळ वीसपट. याचं पहिलं श्रेय मी महाग कोळशाला देईन, दुसरं त्या छापील तक्त्याला.

मुंबईबद्दल. न्यूकोमेन किंवा वॉटच्या काळातली प्रचंड पंपिंग इंजिनं आपल्याकडे आली नाहीत, तशा खोल खाणी इथे नव्हत्या. वाफ मुंबईत आली ती बंदरातून. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० ला सुएझकडे निघाली, आणि तिचं दुखणंही कोळसाच होतं: एडनपर्यंत पुरेल एवढा माल भरायला बोटीत जागा पुरेना, तेव्हा माणसांच्या खोल्यांतही कोळसा भरला. त्याच सुमारास, १८३३ मध्ये, गोदीतल्या वाडिया घराण्यातल्या अर्देशीर कर्सेटजींनी मुंबईत स्वतः एक अश्वशक्तीचं इंजिन बनवलं. १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, असे पहिले भारतीय. १८५३ ला ठाण्याची रेल्वे, १८५६ ला ताडदेवला दावरांची कापड गिरणी सुरू, आणि मग परळ-लालबागच्या धुरांड्यांचं जंगल.

पण मुंबईच्या आसपास कोळसा नाही. गिरण्यांसाठी तो आधी इंग्लंडहून जहाजाने, नंतर बंगालकडून येई. म्हणजे आपली मुंबई ही कॉर्नवॉलच्या जातीची, न्यूकॅसलच्या नाही. महाग कोळशाने तिथे इंजिन सुधारलं, इथे वाफेलाच पर्याय शोधायला लावला. लोणावळ्याला सह्याद्रीच्या माथ्यावर तलाव बांधून, ते पाणी खोपोलीत उतरवून टाटांनी १९१५ मध्ये वीज सुरू केली, तेव्हा तिचं मुख्य गिऱ्हाईक मुंबईच्या गिरण्याच होत्या.